डॅम्परची मोटर बदलण्याआधी हे बघा

एका खोलीत गारठा, शेजारी उकाडा? डक्टमधला (हवेच्या नळातला) मोटरवाला डॅम्पर, म्हणजे हवा सोडणारं-अडवणारं पातं, अडकला असेल. थर्मोस्टॅटवर तापमान कमी करा आणि मोटरच्या टर्मिनलवर मल्टिमीटर लावा. लेबलवर बहुधा 24 व्होल्ट एसी असतं. 230 असेल तर इलेक्ट्रिशियनलाच बोलवा. व्होल्टेज नसेल तर दोष मोटरमध्ये नाही, बहुधा ट्रान्सफॉर्मर, फ्यूज किंवा वायरमध्ये. असेल तर सप्लाय बंद करून मोटरवरचं क्लचचं (गिअर मोकळे करणारं) बटण दाबा आणि शाफ्ट, म्हणजे पात्याचा दांडा, हाताने फिरवा. घट्ट लागला तर पातं धुळीने किंवा डक्टच्या लांब स्क्रूने अडलंय. मोकळा फिरला तरी मोटरला लगेच दोष देऊ नका. पुष्कळदा मोटर बिचारी फिरत असते, तिला शाफ्टशी जोडणारा क्लॅम्पच सैल असतो. तो आवळताना पात्याची दिशा शाफ्टच्या टोकावरच्या खाचेवरून ओळखता येते.