नवे पॅड, नवे लायनर, तरीही आवाज: पिकअपच्या ब्रेकची तपासणी कशी करावी

पिकअपचे पुढचे पॅड आणि मागचे लायनर, म्हणजे ब्रेक दाबल्यावर घासून चाकाला रोखणारे भाग, बदलून गाडी गॅरेजबाहेर काढली आणि पहिल्याच गतिरोधकाशी चाकातून चिरका आवाज आला, की मालकाच्या तोंडी बहुधा एकच वाक्य येते: ‘पार्टच डुप्लिकेट निघाला.’ क्वचित ते खरेही असते. पण कामानंतर लगेच सुरू झालेल्या आवाजाचे कारण बहुतेक वेळा त्या कामातच सापडते. काढलेली एखादी क्लिप परत बसलेली नसते, एखादी जागा साफ न करताच नवा भाग तिथे ठोकलेला असतो किंवा डावी-उजवी बाजू उलटलेली असते. म्हणून दुसरा सेट विकत घेण्यापूर्वी जे काम झाले ते पुन्हा उघडून पाहावे, आणि आवाज पूर्ण थांबेपर्यंत जुने पॅड, जुने लायनर व काढलेल्या स्प्रिंगा भंगारात देऊ नयेत. नवा भाग कसा बसायला हवा होता याची सर्वांत चांगली साक्ष त्या जुन्या भागांवरच्या घासल्याच्या खुणा देतात.

येथे पुढे डिस्क (चाकाबरोबर फिरणारी लोखंडी चकती) आणि मागे ड्रम (चाकाबरोबर फिरणारा पोकळ लोखंडी डबा) असलेली, म्हणजे आपल्याकडे लासलगावचा कांदा किंवा रत्नागिरीच्या आंब्याच्या पेट्या वाशीला पोहोचवणारी नेहमीची पिकअप गृहीत धरली आहे. अशा गाडीचे मोटारीपेक्षा एक वेगळेपण तपासताना कायम ध्यानात ठेवावे लागते: रिकाम्या आणि भरलेल्या गाडीत मागच्या ब्रेकवर पडणारे काम फार वेगळे असते. गॅरेजवाल्याने रिकामी गाडी फिरवून ‘काही आवाज नाही’ असे सांगितले आणि कसारा घाटात दीड टन माल घेऊन उतरताना तोच आवाज पुन्हा आला, तर गॅरेजवाला आणि मालक दोघेही खरेच बोलत असतात.

पाना हातात घेण्याआधी आवाजाची नोंद करावी. तो ब्रेक दाबल्यावर येतो की न दाबता, चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला एकदा येतो की अखंड, सकाळी थंड गाडीत येतो की दहा-पंधरा किलोमीटर चालल्यावर, फक्त पुढे जाताना की रिव्हर्समध्येही, आणि वळणावर तो वाढतो की थांबतो, हे सारे कागदावर उतरवावे. बाजू ओळखण्यासाठी एखाद्या लांब दगडी किंवा सिमेंटच्या भिंतीलगत, खिडकी उघडी ठेवून, ताशी दहा-पंधराच्या वेगाने गाडी न्यावी आणि हलका ब्रेक दाबावा. भिंतीवरून परतणारा आवाज त्या बाजूच्या चाकाचा असतो. मग गाडी वळवून दुसरी बाजू तशीच ऐकावी. या वीस मिनिटांच्या कामाने चारपैकी तीन चाके खोलण्याचा खर्च वाचू शकतो.

काही आवाज दोषाचे नसतात. नव्या पॅडचा पृष्ठभाग डिस्कशी पूर्ण जुळायला पहिले २०० ते ३०० किलोमीटर लागतात आणि तोवर हलकी घसघस ऐकू येणे स्वाभाविक आहे. ही जुळणी नीट व्हावी यासाठी मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० वरून १०-१५ पर्यंत वेग मध्यम दाबाने उतरवावा, मध्ये ब्रेक थंड होऊ द्यावा आणि असे वीस-पंचवीस वेळा करावे. नवे पॅड घालून त्याच दिवशी भरली गाडी घाटात उतरवली, तर पॅडचा पृष्ठभाग तापून काचेसारखा गुळगुळीत होतो आणि मग त्याची किंकाळी सहसा आपोआप जात नाही. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात, रात्रभर उभ्या गाडीच्या डिस्कवर तांबूस गंज चढतो. सकाळच्या पहिल्या चार-पाच ब्रेकांत तो खरडून निघतो आणि आवाजही जातो. आवाज दुपारीही येत असेल तर मात्र चाक काढावे.

चाक काढताना गाडी सपाट आणि टणक जमिनीवर घ्यावी, जमिनीवर राहणाऱ्या चाकांना पुढून-मागून लाकडी ठोकळे लावावेत, नट थोडे सैल करून मगच जॅक चढवावा आणि चेसिसखाली स्टँड दिल्याशिवाय हात आत घालू नये. फक्त जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरण्याची सवय अनेक गॅरेजांत आहे आणि ती जिवावर बेतू शकते. ब्रेकमधली काळी धूळ कॉम्प्रेसरच्या हवेने किंवा फुंकून उडवू नये, कारण जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने ती खाली बसवून पुसावी.

ब्रेक न दाबताही येणारा आणि चाकाबरोबर फिरणारा बारीक पत्र्याचा आवाज असेल, तर आधी डिस्कमागचा पत्रा पाहावा. कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) काढताना पान्याचा किंवा गुडघ्याचा धक्का लागून तो सहज वाकतो. टॉर्च तिरकी धरली की त्याच्यावर घासून उजळलेली चमकदार रेघ दिसते. तिथे हाताने किंवा स्क्रू ड्रायव्हरने पत्रा दोन-तीन मिलिमीटर मागे सारला की काम संपते. कधी डिस्क आणि पत्रा यांच्यामध्ये खडीचा एखादा खडा अडकलेला असतो आणि रिव्हर्स घेताच तो आवाज बदलतो. घरघर वळणावर एका बाजूला वाढत असेल, तर संशय ब्रेकवर न घेता चाकाच्या बेअरिंगवर घ्यावा. चाक वर-खाली धरून हलवावे आणि ढिलाई जाणवते का ते पाहावे.

ब्रेक दाबल्यावर येणारी बारीक, कानात घुसणारी किंकाळी ही पॅड आणि डिस्क यांच्या कंपनाची असते आणि ही कंपने सेकंदाला हजारांच्या घरात होतात. ती रोखण्याचे काम पॅडच्या पाठीवरचे पातळ शिम (पत्र्याच्या पट्ट्या), पॅड घट्ट धरणाऱ्या क्लिपा आणि योग्य जागी लावलेले थोडेसे ग्रीस हे तिघे मिळून करतात. घाईच्या कामात नेमके हेच तिघे वगळले जातात, म्हणून कॅलिपर उघडल्यावर जुन्या पॅडशी नवे पॅड शेजारी ठेवून पाहावेत. जुन्यावर शिम होते आणि नव्यावर नाहीत का? घिसाई कळवणारी वाकडी पत्ती जुन्या पॅडवर ज्या बाजूला होती त्याच बाजूला नव्यावरही आहे का, की आतला पॅड बाहेर बसल्यामुळे ती डिस्कला टेकते आहे? पॅडचे कान ज्या खाचेत सरकतात तिथला गंज तारेच्या ब्रशने साफ केला आहे का? पॅड हाताने ढकलल्यावर सरकला पाहिजे, पण खडखड हलता कामा नये. कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिना काढून पाहाव्यात. त्या कोरड्या पडल्या असतील तर एकच पॅड घासतो आणि तोच किंचाळतो. पिनांना ब्रेकसाठीचे, उष्णता सहन करणारे सिलिकॉन ग्रीसच लावावे. बेअरिंगचे साधे ग्रीस लावले तर रबरी बूट फुगतात आणि पिना पहिल्यापेक्षा जास्त अडकतात. पॅडच्या घासणाऱ्या बाजूला किंवा डिस्कला कोणतेही ग्रीस, तेल वा बोटांचा चिकटपणा लागू देऊ नये. डिस्क नवी असेल तर तिच्यावर गंज रोखणारे तेल असते. ते ब्रेक क्लीनरने पुसून काढलेले नसेल, तर पॅड ते शोषून घेतात आणि बदलावे लागतात. डिस्क जुनीच असेल तर तिच्या काठावरची न घासलेली कड पाहावी. नव्या पॅडचा कोपरा त्या कडेवर चढत असल्यास आवाज पॅडचा नसून त्या कडेचा आहे. डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते आणि कड काढून मापल्यावर डिस्क त्याखाली जात असेल तर ती बदलण्याला पर्याय नाही.

मागच्या ड्रमचे कोडे अधिक किचकट, आणि माझ्या मते पिकअपच्या बाबतीत अधिक दुर्लक्षितही. लायनर बदलताना बॅक प्लेटवरच्या (ड्रममागच्या स्थिर पत्र्यावरच्या) ज्या उंचवट्यांवर शू, म्हणजे लायनर बसवलेली कमानदार पट्टी, टेकून सरकतो, ते साफ करून त्यांना अगदी पातळ ग्रीस लावावे लागते. तसे केले नाही तर पेडल दाबताना आणि सोडताना करकर येते. शू आणि ड्रम यांच्यातले अंतर राखणाऱ्या ॲडजस्टरचे आटे डाव्या आणि उजव्या चाकासाठी उलट असतात. त्यांची अदलाबदल झाली तर ॲडजस्टर घट्ट होण्याऐवजी सैल होत जातो आणि आवाजासोबत पेडलही खाली जाऊ लागते.

एक प्रकार मी स्वतः भोगला आहे. लायनर बदलताना मी दोन्ही ड्रम लेथवर मारून, म्हणजे आतून कातून गुळगुळीत करून, आणले आणि दुसऱ्या दिवसापासून सावकाश थांबताना मागून ‘टक्... टक्’ असा ठोका येऊ लागला. जोरात ब्रेक दाबला की काही नाही, हळू दाबला की हमखास. कमानीचे (मागच्या पाट्यांच्या स्प्रिंगचे) बुश बदलले, प्रोपेलर शाफ्टचा जॉइंट पाहिला, तीन दिवस गेले. शेवटी ड्रम पुन्हा काढून उन्हात तिरका धरला, तेव्हा आत बोल्टच्या आट्यासारखी एक अखंड बारीक रेघ दिसली आणि नख आडवे फिरवल्यावर ते तिच्यावर गुरगुरले. बॉलपेनची निब तिच्यात हलकी टेकवून ड्रम फिरवला, तर पेन आपोआप काठाकडून आतल्या बाजूला सरकत गेले. लेथवाल्याने हत्यार भरभर सरकवल्यामुळे तो आटा पडला होता. ब्रेक लागला की शू त्या आट्यावरून बॅक प्लेटपासून दूर चढत जाई आणि स्प्रिंगने ओढला की परत प्लेटवर आदळे. ठोका त्या आदळण्याचा होता. ड्रमवर कोरलेल्या कमाल व्यासात अजून वाव आहे याची खात्री करून, हत्यार सावकाश सरकवत एक बारीक फिनिशिंग कट घेतला, वर ८० नंबरच्या पॉलिश पेपरने आडव्या-तिडव्या रेघा मारल्या आणि ठोका बंद झाला. ज्यांच्या पिकअपमध्ये ड्रम मारल्यानंतर असा आवाज सुरू झाला आहे, त्यांनी बुश बदलण्याआधी ही पेनाची परीक्षा अवश्य करावी.

ब्रेकच्या कामाबरोबर मागच्या कमानीत एखादा जादा पाटा टाकला असेल, तर तोही हिशेबात घ्यावा. अनेक पिकअपमध्ये मागच्या ॲक्सलला दांडीने जोडलेला लोड सेन्सिंग व्हॉल्व्ह असतो. मालाने चेसिस जितकी खाली बसते, तितका अधिक दाब तो मागच्या ब्रेकला पोहोचवतो. जादा पाट्यामुळे चेसिस उचलली गेली की भरलेली गाडीही त्या व्हॉल्व्हला रिकामी भासते, मागचे ब्रेक कमी काम करतात आणि सगळा भार पुढच्या नव्या पॅडवर येऊन ते तापतात व किंचाळतात. येथे पॅड बदलून काहीही साधत नाही. कंपनीच्या मापाप्रमाणे दांडी लावून घ्यावी लागते.

लोखंडावर लोखंड घासल्याचा खरखरीत आवाज आला, पेडल मऊ झाले किंवा गाडी एका बाजूला ओढू लागली, तर तपासणीसाठीसुद्धा ती रस्त्यावर नेऊ नये. यांपैकी काही नसेल, तर अडकलेला ब्रेक ओळखायला उष्णतेची तुलना पुरेशी असते: दहा-पंधरा किलोमीटर साधे चालवून, शेवटी जोरात ब्रेक न मारता गाडी थांबवावी आणि प्रत्येक चाकाजवळ हात न्यावा, पण डिस्कला किंवा ड्रमला स्पर्श करू नये. एकाच ॲक्सलवरचे एक चाक दुसऱ्यापेक्षा स्पष्टपणे तापले असेल तर तिथला पिस्टन (पॅड किंवा शू ढकलणारा दट्ट्या), स्लाइड पिन, हँडब्रेकची केबल किंवा आतून फुगलेला रबरी पाइप पाहावा. असा पाइप ऑइल आत जाऊ देतो, पण सहज परत येऊ देत नाही.

पॅडवर हॅक्सॉने खाच पाडणे किंवा आवाज आला की पॉलिश पेपर मारून देणे हे उपाय सर्रास केले जातात. पृष्ठभाग खरवडल्याने किंकाळी दोन-चार दिवस थांबते, म्हणून ते उपाय वाटतात. मूळ कारण क्लिपेत किंवा पिनेत असेल तर आवाज परत येतो, आणि बेताल पाडलेल्या खाचेने पॅडला तडा जाण्याचा धोका राहतो. खरवडण्याचा अर्थ फक्त तापून चकाकलेल्या पॅडलाच आहे, आणि तोही बाकी सर्व जुळवून झाल्यावर.

सर्व बसवल्यावर गाडी हलवण्याआधी पेडल टणक होईपर्यंत चार-पाच वेळा दाबावे, कारण मागे ढकललेला पिस्टन पहिल्या दाबाला पुढे आलेला नसतो. ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. रिकामी गाडी आधी त्याच भिंतीलगत न्यावी, मग नेहमीचा माल भरून सपाट रस्त्यावर फिरवावी आणि घाट सर्वांत शेवटी घ्यावा. पन्नासेक किलोमीटर झाल्यावर चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा कसून घ्यावेत. सुरुवातीच्या नोंदीचा कागद समोर ठेवून प्रत्येक ओळीतला आवाज गेला की राहिला, हे तिथेच लिहावे.