आधी जिन्याखालचं टेबल, मग कॅशची खिडकी

लातूर जिल्ह्यातल्या एका खासगी हॉस्पिटलात मी सात वर्षं आरोग्यमित्र म्हणून काम केलं. दारातून आत आलं की डाव्या हाताला मेडिकल, समोर कॅशची खिडकी आणि जिन्याखाली माझं टेबल. जिन्याखाली म्हणजे अगदी जिन्याखालीच. उंच माणूस उठताना डोकं आपटून घ्यायचा. टेबलावर स्कॅनर, कॉम्प्युटर, मागे महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा, म्हणजे राज्य सरकारच्या मोफत उपचारांच्या योजनेचा फलक. पण घाबऱ्या माणसाला आधी खिडकीच दिसते. तिथं तो असतील नसतील ते पैसे भरतो आणि दोन दिवसांनी शेजारच्या खाटेवरचं कुणीतरी सांगतं तेव्हा वाकून माझ्याकडे येतो. एका बाईंनी मंगळसूत्र गहाण ठेवून चाळीस हजार भरले होते. पावती पुढं करून म्हणाल्या, "ताई, हे परत द्या आन् योजनेत टाका."

ते होत नाही. ही योजना कॅशलेस आहे. सरकार पैसे हॉस्पिटलला देतं, पेशंटला नाही. आधी भरू आणि नंतर बिलं दाखवून सोडवून घेऊ, हा मेडिक्लेमचा हिशोब इथं चालत नाही. म्हणून हा लेख कितीही लांबला तरी एवढं धरून ठेवा: पेशंट आत गेला की एका माणसाने खिडकीकडे न जाता आरोग्यमित्र शोधायचा. तो हॉस्पिटलचा नोकर नसतो, योजनेकडून बसवलेला असतो. त्याला भेटल्याशिवाय 'डिपॉझिट' या शब्दाला मान डोलवायची नाही.

पण खरं काम घरी, सगळे धडधाकट असताना करायचं असतं. रेशन कार्ड काढा आणि आधारशेजारी ठेवून एकेक नाव वाचा. माझा अर्धा वेळ नावांत जायचा. रेशनवर 'सुभास', आधारवर 'सुभाष'. रेशनवर लग्नाआधीचं नाव, आधारवर सासरचं. सुनेचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं आणि सासरच्या कार्डात चढलेलंच नाही. ही तर घरटी गोष्ट आहे. तान्ह्या बाळाचं नाव कार्डावर नसलं तर जन्मदाखला आणि आईबापाचं कार्ड यावर काम भागतं, पण सुनेचं भागत नाही. तहसीलच्या पुरवठा शाखेत जाऊन ते एकदाच दुरुस्त करून घ्या. चार खेटे होतील. रात्री दोन वाजता आयसीयूच्या दारात होणाऱ्या खेट्यांपेक्षा ते बरे.

दुसरं म्हणजे रेशन कार्डाचा बारा अंकी ऑनलाइन नंबर. पिवळं आणि केशरी कार्ड असणाऱ्यांचा तो बहुतेक असतो. पांढऱ्या कार्डवाल्यांनी मात्र आवर्जून तपासा. पूर्वी पांढरं कार्ड म्हटलं की आम्ही परत पाठवायचो. शेतकरी आत्महत्याग्रस्त चौदा जिल्ह्यांतला शेतकरी असेल तर सातबारा घेऊन बसवायचो, एवढीच सूट. १ जुलै २०२४ पासून सगळ्या रंगांची कार्डं योजनेत आली आणि मर्यादा दीड लाखावरून कुटुंबाला वर्षाला पाच लाख झाली. पण पांढऱ्या कार्डावर धान्य मिळत नाही, म्हणून ते वर्षानुवर्षं कपाटात पडलेलं असतं. कित्येकांची ऑनलाइन नोंदच नसते, आणि कॉम्प्युटरला कार्डाचा रंग कळत नाही, नंबर कळतो.

केंद्र सरकारच्या मोफत उपचार योजनेचं आयुष्मान कार्डही त्याच फेरीत काढून घ्या. सेवा केंद्रात निघतं, मोबाइलवर निघतं, गावातली आशाताई मदत करते. घरात सत्तरी ओलांडलेलं कुणी असेल तर त्यांचं वय वंदना कार्ड वेगळं. ऑक्टोबर २०२४ पासून ते उत्पन्न न बघता मिळतं. आमच्या सासूबाईंचे अंगठे उमटेनात. साठ वर्षं शेणामातीत काम केलेले हात, मशीनला रेघच सापडेना. मग आधारला नातवाचा मोबाइल जोडला आणि ओटीपीवर काम झालं. म्हाताऱ्या माणसांच्या आधारला चालू नंबर जोडलेला आहे का, हेही आजच बघा.

आता पाच लाखांबद्दल, कारण भांडणं यावरूनच होतात. पाच लाख मंजूर झाले म्हणजे पाच लाखांपर्यंतचं कुठलंही बिल सरकार भरेल, असं नाही. योजनेत उपचारांची यादी आहे. २०२४ च्या बदलात ती १,३५६ ची होती. प्रत्येक उपचाराचा दर ठरलेला, त्याला पॅकेज म्हणतात. तुमचा उपचार यादीत असेल तर ते पॅकेज लागतं, आणि वर्षभरात घरातल्या सगळ्यांची पॅकेजं मिळून पाच लाखांच्या आत बसावी लागतात. दाखल न होता नुसतं तपासून घेणं यात येत नाही. डायलिसिस, केमो, रेडिएशन येतं. काही उपचार फक्त सरकारी रुग्णालयांसाठी राखून ठेवलेत. ते खासगीत मागून उपयोग नाही.

आणि हॉस्पिटलही सगळ्या आजारांसाठी योजनेत नसतं. हे मी टेबलावर बसून रोज लोकांना सांगत होते आणि स्वतःच्या घरी विसरले. माझे थोरले दीर औशाजवळ मोटारसायकलवरून पडले, डोक्याला मार. मला फोन आला तेव्हा मी नाव सांगितलं एका हॉस्पिटलचं. बाहेर योजनेचा मोठा बोर्ड आहे, माहितीचं आहे म्हणून. तिथं गेल्यावर कळलं, हाडांसाठी आणि पोटाच्या ऑपरेशनसाठी ते योजनेत आहे, मेंदूच्या शस्त्रक्रियेसाठी नाही. पुन्हा अ‍ॅम्ब्युलन्स, पुन्हा रस्ता. मधले चार तास गेले. भाऊजी वाचले, डावा हात अजून उचलत नाही. त्या चार तासांमुळेच असं डॉक्टर म्हणत नाहीत, पण मला तसं वाटायचं थांबत नाही.

म्हणून निघण्याआधी, निदान रस्त्यात असताना, एकाने १५५३८८ किंवा १८०० २३३ २२०० या नंबरवर फोन लावायचा. दोन्ही टोल फ्री आहेत. "अमुक हॉस्पिटल योजनेत आहे का" असं विचारू नका. "डोक्याला मार लागलाय, मेंदूच्या ऑपरेशनसाठी जवळचं कुठलं हॉस्पिटल योजनेत आहे" असं विचारा. उत्तर वेगळं येतं. पेशंट फार गंभीर असेल तर हे सगळं बाजूला ठेवून १०८ बोलवा. ती गाडी फुकट आहे आणि तिच्यात डॉक्टर असतो. ओळखीच्या ड्रायव्हरची खासगी गाडी कुठल्या दारात उभी राहील हे कधीकधी दुसऱ्याच हिशोबाने ठरलेलं असतं. 'कट' म्हणतात त्याला. सगळे ड्रायव्हर तसे नसतात, पण मी पाकिटं बघितलेली आहेत.

मध्यरात्री हार्ट अ‍ॅटॅक आला आणि रेशन कार्ड गावी राहिलं तर? उपचार अडत नाहीत. तातडीच्या केसमध्ये हॉस्पिटल फोनवर मंजुरी घेऊन सुरुवात करू शकतं, कागद मागाहून. पण त्या मागाहूनला मुदत असते. ज्याला हॉस्पिटलात थांबून काही करता येत नाही अशा चुलत्याला पहिल्याच एसटीने गावी पाठवा. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला कार्डाचा फोटो नोंदणी सुरू करायला उपयोगी पडतो, मूळ कार्ड मात्र लागतंच.

नोंदणी झाली की हॉस्पिटल तपासण्यांचे कागद जोडून मंजुरी मागतं. नियमाने एका दिवसात उत्तर यायला हवं. बऱ्याचदा उत्तराऐवजी 'क्वेरी' येते: ईसीजीचा फोटो पुसट आहे, अँजिओग्राफीचं चित्रीकरण जोडलेलं नाही, नावात फरक आहे. नातेवाईक दिवसातून दहा वेळा टेबलावर येऊन विचारतात, "झालं का?" याला कुणीही "पेंडिंग आहे" एवढंच सांगतो, मीही सांगायची. त्याऐवजी विचारा, "क्वेरी काय आली आणि तो कागद कुणाकडे आहे?" मग उत्तर द्यावं लागतं. पुष्कळदा तो कागद दोन मजले वर एखाद्या सिस्टरच्या ड्रॉवरमध्ये असतो आणि कुणीतरी जाऊन आणायचा तेवढाच उशीर असतो.

मंजुरी आली की त्या उपचारासाठी एक रुपयाही द्यायचा नाही. खाट, ऑपरेशन, भूल, औषधं, तपासण्या, आत बसवायचा स्टेंट किंवा रॉड, पेशंटचं जेवण, हे सगळं पॅकेजमध्ये धरलेलं असतं. तरी पैसे मागितले जातात, आणि ते मागायची भाषा फार गोड असते. "योजनेतला स्टेंट साधा असतो, चांगला हवा असेल तर वरचे थोडे भरा." मुलगा बिचारा बापासाठी 'साधा' कसा घेईल? या वाक्यावर जेवढे पैसे निघतात तेवढे धमकीने निघत नाहीत. तुम्ही शांतपणे म्हणा, "चालेल, योजनेबाहेर किती घेताय ते लिहून सही-शिक्क्याची पावती द्या." बहुतेक वेळा विषय तिथंच संपतो. पावती दिलीच तर ती जपा, त्याच दिवशी हेल्पलाइनवर तक्रार नोंदवा आणि तक्रार क्रमांक लिहून घ्या. बाहेरून औषधं आणायची चिठ्ठी दिली तर चिठ्ठी आणि बिल दोन्हीचा फोटो काढून ठेवा.

हॉस्पिटलची बाजूही मी त्याच टेबलावरून बघितली आहे, ती लपवणार नाही. दर कमी पडतात आणि दावे महिनोन् महिने अडकतात. आमच्या मालकांचा महिनाअखेरचा चेहरा मला आठवतो. योजनेचा पेशंट आला की खाटा अचानक भरलेल्या असतात, त्याचं मूळ इथं आहे. सरकारने मर्यादा दीडाची पाच लाख केली हे चांगलंच झालं, पण हॉस्पिटलचे पैसे वेळेवर सुटले असते तर माझ्या टेबलावरची निम्मी भांडणं झालीच नसती. पण ते भांडण सरकार आणि हॉस्पिटलचं आहे. त्याची वसुली खाटेवरच्या माणसाकडून करायची नाही.

डिस्चार्जच्या दिवशी घाई करू नका. सह्यांचा एक गठ्ठा पुढं येतो, आणि घरी जायच्या आनंदात माणूस अंगठे उमटवत सुटतो. त्यात एक अभिप्रायाचा कागद असतो: उपचार मोफत मिळाले, काही पैसे घेतले नाहीत, परतीचं प्रवासभाडं मिळालं. भाडं हातात पडलं असेल तरच सही करा. रक्कम फार नसते, एसटीचं तिकीट. पण पैसे घेतलेले असताना 'घेतले नाहीत' वर सही केलीत तर तुमची तक्रार तिथंच मेली. डिस्चार्जनंतर दहा दिवसांपर्यंतची तपासणी आणि औषधंही पॅकेजमध्येच असतात. टाके काढायला गेल्यावर वेगळे पैसे देऊ नका.

आणि योजनेत बसलंच नाही तर? दोन दारं आहेत. एक सरकारी दवाखाना. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय वेगळ्या खात्याचं, त्याला हा निर्णय लागू नाही. तिथं शुल्क लागतं, पण खासगीच्या मानाने किरकोळ.

दुसरं दार फार कमी लोकांना माहीत असतं, आणि ते बाहेरून बघितलं तर आपलं वाटतच नाही. पुण्या-मुंबईतली, सोलापूरची काही मोठी चकचकीत हॉस्पिटलं धर्मादाय ट्रस्टची आहेत. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक आणि उच्च न्यायालयाने मंजूर केलेल्या योजनेप्रमाणे त्यांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. वर्षाला १ लाख ८० हजारांपर्यंत उत्पन्न असेल तर निर्धन, ३ लाख ६० हजारांपर्यंत असेल तर दुर्बल. तातडीच्या पेशंटला डिपॉझिटसाठी अडवता येत नाही. या हॉस्पिटलात कॅशच्या खिडकीवर किंवा चौकशीच्या काउंटरवर विचारू नका, तिथं "खाट नाही" हे पाठ असतं. समाजसेवा अधीक्षकांची खोली विचारा. ती बहुतेक वेळा तळघरात किंवा मागच्या जिन्याजवळ असते. रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला बरोबर हवा. 'खाट नाही' म्हणाले तर ते लेखी मागा आणि तो कागद घेऊन जिल्ह्याच्या धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात जा.

उत्पन्नाचा दाखला मिळायला दिवस लागतात, आणि जुना असेल तर चालत नाही. सुभासचा सुभाष करायला तहसीलला जाल, तेव्हा त्याच चकरेत याचाही अर्ज देऊन या.