बेळगावहून सायकलनं समुद्राकडे निघताय? या चुका टाळा

बेळगाव समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचावर, वेंगुर्ला समुद्राला लागून, आणि मध्ये सव्वाशे किलोमीटरच्या आसपास रस्ता. एवढा हिशेब मांडला की कुणीतरी म्हणतंच, "जाताना उतारच आहे की, त्यात काय!" फसलेल्या बहुतेक सहलींचं मूळ या एका वाक्यात असतं. शिनोळी, पाटणे फाटा, हलकर्णी, नागनवाडी करत आंबोलीला पोचलात तरी तुम्ही ७०० मीटरच्या आसपासच असता. साठ-सत्तर किलोमीटर चढ-उतार मारूनही उंची जवळपास तीच. खरा उतार आंबोली ते दाणोली या घाटात एकदम येतो, आणि खाली गेल्यावर लागणारं कोकण सपाट नसतं. पठार, घाट आणि किनारा या तिन्हींची तयारी वेगवेगळी करावी लागते.

परतीचा विचार शेवटी करणं

ही सगळ्यात महागात पडणारी चूक, म्हणून आधी तीच. शनिवारी पहाटे निघून रविवारी रात्री घरी, असा बेत आखला की रविवारी दुपारी दाणोलीहून वर बघायची वेळ येते. सहाशे मीटरहून जास्त चढ, दमट हवा आणि आदल्या दिवशीचे भरून आलेले पाय. पहिल्यांदाच जाणाऱ्यानं दोन्ही बाजू सायकलनं करायचा हट्ट धरूच नये, असं माझं स्पष्ट मत आहे. जाताना आंबोलीत मुक्काम करा, सकाळी ताज्या अंगानं घाट उतरा, दोन दिवस किनाऱ्यावर फिरा आणि येताना गाडीनं या.

पण गाडी म्हणजे नेमकी कोणती, हे निघण्याआधी ठरलेलं असू द्या. "एसटीच्या टपावर टाकू" हे जुनं गणित आता भरवशाचं नाही, कारण बऱ्याच बसना टपावर कॅरिअरच नसतो. आगारात आधी विचारा, नाहीतर चार-पाच जण मिळून टेम्पो ठरवा. गोव्यापर्यंत उतरणार असाल तर मडगावहून लोंढामार्गे बेळगावला रेल्वे आहे. सायकल पार्सलनं बुक करायला वेळ लागतो, तेवढा हाताशी ठेवा.

आपली तयारी कुठवर झालीय हे बघायला लांब जायला नको. येळ्ळूरच्या राजहंसगडाचा शेवटचा चढ आणि देवरवाडीहून महिपाळगडाचा चढ, दोन्ही सहलीचं पूर्ण ओझं लावून करून बघा. ओझ्याशिवाय केलेला सराव इथं उपयोगाचा नाही. त्या चढावर कॅरिअर हलतंय, गिअर अडकतोय, सीट खाली सरकतेय, हे सगळं घरापासून तासाभरावर कळतं.

सुगीतला रस्ता ओळखीचा समजणं

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा फिरायला उत्तम काळ, पण नेमका तेव्हाच आपल्या भागात सुगी आणि उसाचा हंगाम असतो. दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर पहाटे अंधारातही रस्त्यावर असतात, आणि मागच्या ट्रॉलीला दिवा असेलच असं नाही. तिच्या मागून निघताना बाहेर आलेल्या उसाच्या टोकांपासून हातभर जास्तच लांब राहा. मागचा लाल दिवा आणि अंगावर चमकणारा पट्टा पहाटे निघणाऱ्याला हवाच.

दुसरी गोष्ट मळणीची. गावाजवळ रस्त्यावर भात, नाचणी पसरलेली असते. वरून गेलं तर मळणीच होईल, असं समजून लोक सायकल सरळ त्यावर घालतात. मोटारीचं ठीक आहे, सायकलचं नाही. पिंजराची, म्हणजे भाताच्या वाळक्या पेंढ्याची, एक लांब काडी चेनबरोबर आत जाते, मागच्या दातेरी चकत्यांच्या मध्ये गुंडाळली जाते, आणि मग चेन दातांवर नीट बसत नाही. कट्कट् आवाज करत आपोआप गिअर बदलायला लागतो. असं झालं की गिअरचा स्क्रू पिळत बसू नका. ॲडजस्टमेंट बिघडलेली नसते आणि स्क्रू फिरवला की तीही बिघडते. थांबा, चाक हातानं उलटं फिरवा, चकत्यांच्या फटीत बघा आणि काडी सुईनं किंवा ॲलन कीच्या टोकानं ओढून काढा. पसरलेल्या धान्यापाशी उतरून कडेनं चालत जाणं सोपं, आणि शेतकऱ्यालाही बरं वाटतं.

नकाशा म्हणेल तो घाट उतरणं

फोनवर रस्ता विचारला की तो जवळचा घाट दाखवतो, सायकलला सोसणारा नव्हे. दोडामार्गला जायला तिलारी घाट जवळचा आहे खरा. पण तो अरुंद, वळणांचा आणि फार तीव्र आहे. लोड केलेल्या सायकलनं, त्यातही पहिल्यांदाच, तो उतरू नये. जांबोटी-कणकुंबीवरून चोर्ला घाट देखणा आहे. मलप्रभेचा उगमही कणकुंबीलाच, त्यामुळे तिथं थांबणं होतंच. मात्र गोव्याकडची वाहतूक आणि मोठी वळणं लक्षात घ्या, आणि नकाशा आधीच फोनमध्ये उतरवून ठेवा. मधल्या जंगलात रेंज जाते. नवख्यांसाठी माझी पसंती आंबोलीला. रस्ता रुंद आहे आणि थांबायला जागा आहेत. फक्त पावसाळ्यातला शनिवार-रविवार टाळा. तेव्हा धबधब्याची गर्दी, धुकं आणि शेवाळलेली कड एकाच वेळी समोर येतात.

या सगळ्या पट्ट्यात गवे आहेत, खानापूरच्या जंगलात अस्वलं, तिलारी-दोडामार्ग-चंदगडकडे हत्ती. उजाडायच्या आत किंवा दिवेलागणीनंतर जंगलातला टप्पा घेऊ नका. गवा रस्त्यावर दिसला तर लांबच थांबा. एक पार गेला म्हणून लगेच निघू नका, मागून कळप येतो.

घाटात ब्रेक धरून ठेवणं

भीतीनं दोन्ही ब्रेक सतत दाबून धरले जातात. तसं केलं की साध्या ब्रेकचे रबर रिमवर घासून रिम इतकी तापते की बोट टेकवत नाही. रबर गुळगुळीत होतात, पकड कमी होते, आणि जास्त तापलं तर आतली ट्यूबही फुटू शकते. डिस्क ब्रेकमध्ये ट्यूब वाचते, पण तापलेल्या डिस्कची पकड कमी होतेच, आणि तिला हात लागला तर कातडी जाते. उपाय सोपा आहे. वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर दोन्ही ब्रेक जोरात लावून वेग कमी करा आणि वळणात सोडा. दोन वळणांच्या मध्ये चाकाला वारा लागू द्या. वेग वाढतोय असं वाटलं की लगेच थोडा कमी करा, हाताबाहेर जाईपर्यंत वाट बघू नका. मनगटं दुखायला लागली की थांबायची वेळ झाली असं समजा.

ब्रेक लावल्यावर किर्र असा खरखरीत आवाज आला तर रबरात खडा किंवा धातूचा कण रुतलेला असतो. रबर काढून टोकानं तो काढा, नाहीतर रिमवर चर पडते. डिस्कचा आवाज बहुतेक वेळा तेलामुळे येतो. चेनला तेल सोडताना ते डिस्कवर उडालेलं असतं. घाटाच्या आदल्या रात्री तेल घालणाऱ्यांनी हे विशेष सांभाळा.

पंक्चरवाला भेटेल या भरवशावर निघणं

पंक्चरवाला भेटतो, पण व्हॉल्व्ह जुळत नाही. नव्या गिअरच्या सायकलींत पुष्कळदा प्रेस्टा व्हॉल्व्ह असतो, बारीक आणि वर पिळायचा. फाट्यावरचा माणूस मोटरसायकलच्या पंपाचं तोंड त्यावर धरून बघतो, हवा बाजूनं सुटते, आणि तो म्हणतो, "ह्याला आमचा पंप बसत नाही बघा." छोटीशी पितळी टोपी, म्हणजे ॲडॅप्टर, व्हॉल्व्हवर आधीच बसवून ठेवली तर हा प्रश्न उरत नाही. तरीही दोन ट्यूब, टायर लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि छोटा पंप जवळ असू द्या. ट्यूब बदलण्याआधी टायरच्या आतून बोटं हळूच फिरवा. काटा तसाच राहिला तर नवी ट्यूबही पाच मिनिटांत जाते.

किनारा सपाट समजणं

वेंगुर्ला ते मालवण रस्ता खाडीकाठच्या गावात उतरतो, मग जांभ्याच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, चढतो, पुन्हा उतरतो. चढ लहान असतात पण उभे, आणि दिवसभर येत राहतात. निवती, भोगवे यांसारख्या किनाऱ्यांना जायचं तर खाली उतरून त्याच रस्त्यानं वर यावं लागतं. नकाशात भोगव्यापासून देवबाग हाकेच्या अंतरावर दिसतं, पण मध्ये कर्ली नदीचं मुख आहे आणि पूल आत आहे. असे दोन-तीन किनारे एका दिवसात घ्यायचा मोह आवरा. एक घ्या आणि तिथं निवांत बसा.

वाऱ्याचा हिशेब कुणी करत नाही. कोरड्या हंगामात उन्हं चढली की समुद्रावरून वारा सुटतो आणि दुपारी तो वायव्येकडून जोर धरतो. म्हणून मालवणहून निघून वेंगुर्ला, मोचेमाड, शिरोडा, रेडी असं दक्षिणेला जाणं अंगाला सोपं पडतं. उलट जायचं असेल तर अकराच्या आत मुक्काम गाठा. शिरोड्याला १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहाची मिठागरं आहेत, तिथं घाईनं जाऊ नका. पुढं तेरेखोलहून केरीला फेरीबोटीनं जायचा विचार असेल तर वेळ आधी गावात विचारा. बोट नसली तर आरोंद्याच्या पुलाचा वळसा पडतो.

मुंबई-गोवा महामार्ग वेगाचा म्हणून निवडू नका. रेवस ते रेडी हा सागरी मार्ग हळू आहे, पण आपण त्याच्यासाठीच आलेलो असतो. घरच्यांसोबत, मुलांना घेऊन जाणाऱ्यांना मी कारवारकडचा सदाशिवगड ते माजाळी हा तुकडा सांगेन. सायकली गाडीतून न्या, सकाळी फिरा. काळी नदीवरचा जुना पूल ऑगस्ट २०२४ मध्ये कोसळला. मुलांना घेऊन पूल ओलांडायचा बेत नको, नदीच्या उत्तरेलाच राहा.

नुसतं पाणी पीत राहणं

बेळगावच्या हवेत घाम वाळतो, कोकणात तो वाळत नाही. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं आणि त्यासोबत मीठही. नुसतं पाणी ढोसलं तर पोट डचमळतं, डोकं दुखतं आणि पोटऱ्यांत गोळे येतात. एका बाटलीत मीठ-साखरेचं लिंबूपाणी किंवा ओआरएस ठेवा. भूक लागण्याआधी दर पाऊण तासाला काहीतरी खा. शेंगदाण्याचा लाडू किंवा केळं चालेल. कुंदा मुक्कामावर पोचल्यावर खा, चढाच्या आधी तो जड पडतो.

गुडघा पुढून दुखत असेल तर सीट खाली आहे, मागून दुखत असेल तर वर आहे. पेडल सर्वांत खाली असताना त्यावर टाच टेकवल्यावर पाय सरळ झाला पाहिजे, तिथून सुरुवात करा आणि अर्ध्या-अर्ध्या सेंटीमीटरनं बदला.

वाळूत घातलेली सायकल तशीच घरी आणणं

ओल्या वाळूवरून सायकल चालवतानाचा फोटो छान येतो, पण खारं पाणी आणि वाळू चेन, तारा, ब्रेकच्या केबल यांत शिरते आणि दोन-तीन दिवसांत तांबेरा दिसतो. पाण्याच्या कडेला नेलीतच तर त्याच संध्याकाळी गोड्या पाण्यानं धुवा. प्रेशरचं पाणी चाकाच्या बेअरिंगवर मारू नका, बादली आणि मऊ ब्रश पुरे. कापडानं पुसा, सुकू द्या, मगच चेनच्या एकेका कडीवर थेंबभर तेल सोडा आणि वरचं पुसून घ्या. ओल्या चेनवर तेल घातलं तर मीठ आतच राहतं. घरी आल्यावर सीटचा दांडा फ्रेममधून पूर्ण बाहेर काढून पुसा आणि ग्रीस लावून परत बसवा. तो मिठानं एकदा धरला की दुकानातही सहज निघत नाही.