मायनर नाइनमधला शुद्ध रे

दादरच्या गिटारच्या क्लासला दीड वर्ष झालं होतं, बार कॉर्ड (एक बोट आडवं दाबून एकदम वाजवायचे स्वरांचे गुच्छ) बऱ्यापैकी वाजायला लागल्या होत्या. एका रविवारी सरांनी वहीत नुसतं 'डी मायनर नाइन' लिहून दिलं, आकृती नाही. मी घरी हिशेब मांडला: मायनर नाइन, म्हणजे नववा स्वर (सापासून मोजत गेलं की तार सप्तकातला रे) कोमल. आठवडाभर तेच घोटलं. परळच्या आमच्या एका खोलीत सगळे झोपले की पिक बाजूला ठेवून अंगठ्याने हळू वाजवायचे. कॉर्ड कानाला टोचायची, पण मला वाटायचं जॅझ असंच असतं.

सरांनी ऐकलं आणि पेटी पुढे ओढली. सा, कोमल ग, प, कोमल नि धरून ठेवले आणि वर तार सप्तकातला कोमल रे दाबला. मग तो सोडून शुद्ध रे. मला पुढे काही विचारावंच लागलं नाही. नावातला 'मायनर' तिसऱ्या स्वराचा, म्हणजे गंधाराचा आहे. नववा शुद्धच राहतो. लहानपणी काफी थाट शिकला असाल तर हे पाचही स्वर तुमच्या गळ्यात आधीच आहेत. म्हणून माझं सांगणं, आधी गा, मग बोटं लावा. मी प्रभादेवी ते चर्चगेट उभ्याने जाताना सा-ग-नि-रे मनात म्हणायचे. बोटांना त्याचा फार उपयोग झाला.

आता बोटं. सगळ्यात बारीक तार पहिली, जाड सहावी; फ्रेट म्हणजे दांडीवरच्या आडव्या पट्ट्यांमधला खण. पाचव्या तारेवर पाचवा फ्रेट, मधलं बोट: डी, आपला सा. चौथीवर तिसरा फ्रेट, तर्जनी: एफ. तिसरीवर पाचवा, अनामिका: सी. दुसरीवर पाचवा, करंगळी: ई, म्हणजे रे. मधल्या बोटाचं टोक सहाव्या तारेला जरा टेकू द्या, ती बंद होते; करंगळी किंचित आडवी केली की पहिलीही गप्प. चारही तारा एकेक करून छेडा. माझी तिसरी तार महिनाभर खरखरत होती. कोपर अंगाजवळ घेतल्यावर अनामिका फ्रेटच्या पट्टीजवळ पोचली आणि स्वर मोकळा झाला.

यात पंचम नाही, याची काळजी करू नका. सा छेडला की त्याच्या झंकारात प असतोच, तानपुऱ्याजवळ बसलेल्यांना हे ठाऊक आहे. कोमल नि मात्र सोडू नका. तो गेला की उरते मायनर ॲड नाइन. तीही गोड, पण वेगळी.

ही कॉर्ड एकटी घोटू नका, लगेच जी थर्टीनवर जा: सहाव्या तारेवर तिसरा फ्रेट तर्जनीने, चौथीवर तिसरा मधल्या बोटाने, तिसरीवर चौथा अनामिकेने, दुसरीवर पाचवा करंगळीने. पाचवी आणि पहिली बंदच. एफ आणि ई जागेवर राहतात, सी फक्त अर्धा स्वर उतरून बी होतो, खाली सा बदलतो. करंगळी उचलायचीच नाही. ती न हलता खालचा रंग पालटतो, ते ऐकण्यासाठी मी आजही रोज पाच मिनिटं हेच वाजवते.

बोटं फार दुखली तर त्या दिवशी ई मायनर नाइन घ्या: पाचवी आणि पहिली तार दुसऱ्या फ्रेटवर, बाकी चारही मोकळ्या.