सोलापुरात वसतिगृहात रुळताना: पहिला महिना कसा काढावा

सोलापूर विद्यापीठ २००४ साली एकाच जिल्ह्यासाठी स्थापन झाले आणि पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर यांचे नाव लाभल्यानंतरही त्याचे कार्यक्षेत्र सोलापूर जिल्ह्यापुरतेच आहे. त्यामुळे विद्यापीठाच्या केगावच्या आवारात काय किंवा शहरातील महाविद्यालयांच्या वसतिगृहांत काय, राहायला आलेली बरीच मुले-मुली बार्शी, करमाळा, सांगोला, मंगळवेढा, अक्कलकोट अशा जवळच्याच तालुक्यांतील असतात. घर जवळ असणे ही सोय वाटते, पण रुळण्याच्या कामी तीच मोठी अडचण ठरते. अक्कलकोट ४० किलोमीटरवर, पंढरपूर आणि बार्शी ७०च्या आसपास. शनिवारी दुपारी तास संपले की एसटी पकडून दिवेलागणीपर्यंत घर गाठता येते, आणि २०२३पासून महिलांना अर्धे तिकीट असल्याने मुलींना भाड्याचाही फारसा विचार करावा लागत नाही.

म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा की, पहिले चार-पाच आठवडे शनिवारी घरी जाऊ नये. सोमवार ते शुक्रवार प्रत्येक जण तास, प्रात्यक्षिके आणि जर्नल यांत बुडालेला असतो. ओळखी घट्ट होतात त्या रविवारी, कपडे धुताना, बादलीसाठी थांबताना, कोणाच्या तरी घरून आलेला डबा मधोमध ठेवून जेवताना. दर शनिवारी निघून जाणारा विद्यार्थी या सगळ्याला मुकतो आणि दर सोमवारी नव्याने परका होऊन परततो. अर्थात घरात आजारपण असेल किंवा पंढरपूरच्या विद्यार्थ्याच्या घरी आषाढीला पाहुण्यांची रीघ लागली असेल, तर अवश्य जावे. नियम माणसांपेक्षा मोठा नाही.

हे घरच्यांना आधीच नीट समजावून सांगावे, नाही तर आई शुक्रवारीच भाकरीचे पीठ काढून वाट पाहत बसते. फोनची वेळ ठरवून घ्यावी; रात्रीच्या जेवणानंतरची वेळ सर्वांना सोयीची पडते. दिवसातून पाच वेळा फोन केल्याने आठवण कमी होत नाही, उलट वाढते. पहिल्या पंधरवड्यात संध्याकाळी जीव कासावीस होणे, रडू येणे, अन्न गोड न लागणे हे अगदी स्वाभाविक आहे. त्याची लाज वाटून घेऊ नये आणि घरच्यांपासून ते लपवूही नये.

रविवार मात्र आखून घ्यावा. पुष्कळ मेस रविवारी संध्याकाळी बंद असतात आणि घरची आठवण नेमकी त्याच वेळी दाटून येते. सकाळी धुणे आणि खोलीची झाडलोट उरकावी, दुपारी झोप किंवा वाचन करावे आणि संध्याकाळी दोघा-तिघांनी मिळून बाहेर पडावे. भुईकोट किल्ला आणि तळ्यातले सिद्धेश्वर मंदिर एकमेकांना लागूनच आहेत, आणि तळ्याच्या काठी तासभर बसायला पैसे पडत नाहीत. जानेवारीत सिद्धेश्वराची यात्रा, म्हणजेच गड्ड्याची यात्रा, भरते. सात नंदीध्वजांची मिरवणूक आणि संमती कट्ट्यावरचा अक्षता सोहळा वर्गमित्रांबरोबर पाहिला की शहर आपले वाटू लागते.

आता खोलीविषयी. पहिल्याच रात्री रूम पार्टनरशी चार गोष्टी स्पष्ट बोलून घ्याव्यात: दिवा किती वाजता मालवायचा, पहाटेचा गजर कोणाचा आणि किती वाजताचा, पाहुणे कधी चालतील आणि न विचारता कोणती वस्तू घेतलेली चालणार नाही. हे बोलणे अवघड वाटते, परंतु महिनाभर मनात साचलेला राग बोलून दाखवणे त्याहून अवघड असते. पार्टनर घरी कन्नड किंवा तेलुगू बोलणारा असू शकतो. सोलापुरात हे नित्याचे आहे. त्याच्या जेवणाच्या, पूजेच्या, उपवासाच्या सवयी आपल्याहून वेगळ्या असतील, तर टोमणा न मारता आपुलकीने विचारावे.

पाण्याची बाब किरकोळ समजू नये. सोलापूर शहराला उजनीचे पाणी काही दिवसांच्या अंतराने मिळते, त्यामुळे वसतिगृहातही साठवलेल्या पाण्यावर किंवा बोअरवर भागवावे लागते. झाकणाच्या दोन बादल्या आणाव्यात, त्यांवर ऑइल पेंटने नाव घालावे आणि एक बादली रात्रीच भरून ठेवावी. म्हणजे सकाळी नळापाशी भांडण होत नाही आणि आठचा तासही चुकत नाही. बोअरचे पाणी जड असेल तर साबणाला फेस येत नाही. अशा वेळी साबण घासत बसण्यापेक्षा कपडे आदल्या रात्री भिजत घालावेत. पिण्याचे पाणी कोठून येते, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यावे.

मेसची चव घरासारखी नसते, हे गृहीत धरूनच आठवडाभर जेवून पाहावे आणि मगच खानावळ बदलण्याचा विचार करावा. खाड्याचा नियम आधीच समजून घ्यावा, कारण किती दिवस अगोदर सांगितले म्हणजे पैसे वळते होतात, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते. घरून गोडधोड आणण्यापेक्षा कडक भाकरी आणि शेंगांची चटणी आणावी. दोन्ही हवाबंद डब्यात दीर्घ काळ टिकतात आणि मेस बंद असलेल्या रविवारी दही मिळाले की जेवण होते.

मराठी माध्यमातून आलेल्या विद्यार्थ्यांना इंग्रजीतील तास सुरुवातीला डोक्यावरून जातात. हुशारी कमी पडते म्हणून असे होत नाही, सरावाचा अभाव असतो. त्याच दिवशी संध्याकाळी दोघांनी बसून तासाच्या टिपा मराठीत एकमेकांना समजावून सांगाव्यात आणि अडलेले दुसऱ्या दिवशी प्राध्यापकांना विचारावे. मार्चपासून उन्हाचा चटका वाढतो आणि एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीपार जातो, म्हणून अभ्यास पहाटे उरकण्याची सवय पावसाळ्यातच लावून घ्यावी. खोली निवडण्याची मुभा असल्यास गच्चीखालची खोली टाळावी.

पैशाची ओढाताण असेल, तर डॉ. पंजाबराव देशमुख निर्वाह भत्ता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार या योजनांच्या अटी महाविद्यालयाच्या शिष्यवृत्ती विभागात लवकर विचाराव्यात. उत्पन्नाचा दाखला आणि आधारशी जोडलेले बँक खाते तयार ठेवावे.

मोठ्या मुलांनी ओळख करून घेणे वेगळे आणि छळणे वेगळे. महाराष्ट्रात १९९९पासून रॅगिंग हा कायद्याने गुन्हा आहे. अधीक्षकांकडे लेखी तक्रार करून प्रतीवर पोहोच घ्यावी, किंवा १८००-१८०-५५२२ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर कळवावे. महिना उलटूनही झोप लागत नसेल, जेवण जात नसेल, तासांना बसवत नसेल, तर १४४१६ या टेलीमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी मदत क्रमांकावर विनाशुल्क बोलता येते. तेथे मराठीत बोलण्याची सोय आहे. अशा वेळी घरी न जाण्याचा वर सांगितलेला नियम बाजूला ठेवावा, वसतिगृहाच्या नोंदवहीत नोंद करून चार दिवस घरी जावे, आणि परतल्यावर गरज वाटल्यास खोली बदलून मिळण्यासाठी अधीक्षकांकडे अर्ज करावा.