परदेशात होस्ट फॅमिलीकडे वर्षभर राहायचंय? सोलापूरच्या पोरापोरींसाठी आधीपासून शेवटपर्यंत सगळं

आधी हे नेमकं काय प्रकरण आहे ते सांगतो, कारण आपल्याकडे अजून बरेच जण "पोरगं फॉरेनला शिकायला चाललंय" एवढंच धरून चालतात. एक्स्चेंज म्हणजे साधारण १५ ते १८ वयात एखादं शालेय वर्ष परदेशात जायचं, तिथल्या साध्या शाळेत बसायचं आणि तिथल्याच एका कुटुंबात राहायचं. रोटरीचा यूथ एक्स्चेंज आहे, एएफएस आहे (पहिल्या महायुद्धातल्या अ‍ॅम्ब्युलन्स चालवणाऱ्या स्वयंसेवकांतून ही संस्था उभी राहिली आणि १९४७ पासून शाळकरी पोरांची अदलाबदल सुरू झाली), शिवाय अमेरिकन सरकारची येस नावाची पूर्ण स्कॉलरशिप आहे, ती २००२ साली सुरू झाली. हॉस्टेल नाही, डिग्री नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, रोटरी किंवा एएफएससारख्या प्रोग्राममध्ये होस्ट फॅमिलीला तुला ठेवायचे पैसे मिळत नाहीत. ते हौसेनं ठेवतात. म्हणजे तू पेइंग गेस्टही नाहीस आणि दोन दिवसांचा पाहुणाही नाहीस, घरातलं एक पोर आहेस, आणि पुढचं जवळजवळ सगळं यातूनच निघतं.

१. कागदपत्रं

हे पटकन उरकतो. लहानपणी काढलेला पासपोर्ट आहे म्हणून निवांत बसू नका, १८ च्या आतल्यांचा पासपोर्ट ५ वर्षं किंवा १८ पूर्ण होईपर्यंतच चालतो, त्यातलं जे आधी येईल ते. १५ ते १८ मधल्यांना जास्त फी भरून १० वर्षांचा काढता येतो, तोच काढा. अमेरिकेला जाणार असशील तर जे-वन व्हिसा (एक्स्चेंजवर जाणाऱ्यांचा) लागतो, त्यासाठी आपल्याला मुंबई गाठावी लागते. आणि अकरावीचं वर्ष बाहेर काढलं तर इथं परत आल्यावर थेट बारावीत घेतील असं गृहीत धरू नका, कॉलेजच्या प्रिन्सिपलना आधी भेटा आणि जे काय ठरेल ते लेखी घ्या.

२. फॅमिलीचं नाव कळलं की त्याच आठवड्यात मेल टाका

नावं आली की आपण काय करतो, फेसबुकवर शोधतो, घराचा फोटो मावशीला फॉरवर्ड करतो आणि गप्प बसतो. तसं नको. घरात कोण कोण, सकाळी किती वाजता उठता, मी काय खातो काय नाही, कुत्र्याची भीती वाटते का, रात्री एकट्यानं झोपायची सवय आहे का (आपल्याकडे बऱ्याच पोरांना नसते, त्यात लाजायचं काय), असं सगळं साधं सरळ लिही. इंग्लिश मोडकं असलं तरी चालतंय, आणि हो, आईवडिलांनी स्वतः मेल लिहून पोराच्या नावानं पाठवायचा नाही, त्यांना लगेच कळतं.

३. बॅग

बहुतेक विमानांत एका बॅगेला २३ किलोची मर्यादा असते आणि सोलापूरकराची पहिली अडचण इथंच, कारण घरातला प्रत्येक जण चाटी गल्लीतून एकेक चादर आणून ठेवतो. चादर न्यायचीच, जीआय टॅग मिळालेली आपली वस्तू आहे, त्या माणसांना दाखवायला अभिमानाची आहे, पण एकच ने, मयूरपंखी बघून घे, आणि बाकीच्यांसाठी टॉवेल-नॅपकिन, ते हलके पडतात आणि रोज वापरले जातात.

खाण्याचं मात्र नीट बघ. युरोपात बाहेरच्या देशातून दुधाचे आणि मटणाचे पदार्थ नेता येत नाहीत, म्हणजे पेढे, तूप, खवा सगळं बाद. अमेरिकेत ताजी फळं-भाज्या चालत नाहीत आणि खाण्याचं जे काय असेल ते कस्टमला सांगावंच लागतं, लपवलं की दंड. कडक भाकरी चालते, टिकते, बॅगेत तुकडे झाले तरी चव तीच.

आणि शेंगाचटणी! ही तर सोलापूरच्या प्रत्येक बॅगेत असतेच. पण थांब, आधी मेलवर विचार की घरात कुणाला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी आहे का. आपल्याकडे हे ऐकायलाही येत नाही, पण तिकडं काही मुलांना शेंगदाण्याचा कण पोटात गेला तरी घसा सुजून श्वास अडकतो, जिवावर बेततं, त्यासाठी ती पोरं दप्तरात इंजेक्शन घेऊन फिरतात. काही शाळांत डब्यात शेंगदाणा आणायलाच बंदी आहे. घरात कुणाला नसेल तर बिनधास्त ने, पण शाळेच्या डब्यात द्यायच्या आधी परत विचार.

४. पहिले दोन-तीन दिवस: विचारत सुट

पहिल्याच संध्याकाळी वही घेऊन बस आणि विचार. हे जरा ऑकवर्ड वाटतं खरं, पण त्यांना उलट बरं वाटतं. तुम्हाला हाक काय मारू? (ते नाव सांगतील, आपल्या तोंडून वडिलांच्या वयाच्या माणसाला नुसत्या नावानं हाक निघत नाही, पण त्यांनी सांगितलं तर तेच म्हण.) आंघोळ सकाळी की रात्री? फ्रिजमधलं काय विचारून घ्यायचं, काय तसंच? कपडे कोण धुतं, मशीन कधी लावायचं? खोलीचं दार उघडं ठेवायचं की बंद? वायफायला वेळ आहे का? मित्रमैत्रिणींना घरी आणायचं तर किती आधी सांगायचं? मला घरातलं कुठलं काम देणार?

हे शेवटचं मुद्दाम विचार. ताट तसंच सोडून उठायची सवय इथंच सोडून जा, विशेषतः मुलग्यांनो, तुम्हाला सांगतोय. तिकडं बारा वर्षांचं पोरगं डिशवॉशर रिकामं करतं आणि बाप भांडी घासतो, तिथं तू सोफ्यावर बसून पाणी मागितलंस तर कोण काही बोलणार नाही पण सगळ्यांच्या लक्षात राहील.

बाथरूम: पाणी फक्त टबात किंवा शॉवरच्या काचेच्या आत. बाहेरची फरशी कोरडी असते, बऱ्याच घरांत तिथं पाणी जायला जाळीच नसते, बादलीनं आंघोळ केलीस तर खालच्या मजल्याच्या छतातून पाणी गळेल. पडदा टबाच्या आत सोडायचा. बाकी पाणी जपून वापरायचं सोलापूरच्या पोराला कोण शिकवणार, नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येणारी माणसं आपण.

५. जेवण

भीड भिकेची बहीण, हे इथं अक्षरशः लागू होतं. आपल्याकडे कुणी "अजून घे" म्हटलं की आपण "नको नको" म्हणतो, ते परत आग्रह करतात, मग तिसऱ्यांदा आपण ताट पुढं करतो. तिकडं "नको" म्हटलं की बाई भांडं उचलून फ्रिजमध्ये ठेवते, विषय संपला. माझा भाचा अमेरिकेत पहिला आठवडाभर असाच अर्धपोटी झोपला, आणि फोनवर बहीण इकडं रडकुंडीला, की तिथले लोक पोराला खायलाच देत नाहीत! देत होते हो, हाच नको म्हणत होता. तेव्हा भूक असेल तर पहिल्याच वेळेला "हो, थोडं अजून द्या" म्हणायचं.

शाकाहारी असशील तर नुसतं "मी व्हेज" एवढं पुरत नाही, मासे चालत असतील असं अनेकांना वाटतं, चिकनच्या पाण्यातलं सूपही व्हेज समजून देतात. अंडं चालतं की नाही, जिलेटिन (जनावरांच्या हाडाकातड्यापासून करतात, जेलीत असतं) चालतं की नाही, एकेक नाव घेऊन सांग. जर्मनीत गेलास/गेलीस तर संध्याकाळी बऱ्याच घरांत गरम स्वयंपाक नसतोच, ब्रेड, चीज, काकडी, सलाड असं गार जेवण सहा-सात वाजता होतं, तर दुपारी पोटभर खाऊन घे.

एखाद्या रविवारी तू स्वयंपाक कर. ज्वारीचं पीठ इंडियन स्टोअरमध्ये मिळतं, तिथल्या दुकानात पाकिटावर सॉर्गम लिहिलेलं असतं. पण फोडणी देण्याआधी खिडक्या उघड आणि एक्झॉस्ट लाव, नाहीतर मिरचीच्या ठसक्यानं सगळं घर खोकेल आणि वरचा स्मोक अलार्म कोकलायला लागेल तो वेगळाच. आणि हळदीचे हात पांढऱ्या ओट्याला लावू नको, डाग जात नाही.

६. घरी फोन

हा भाग आईवडिलांसाठी. रोज रात्री व्हिडिओ कॉल नको. पोर सारखं सोलापुरातच मनानं राहिलं तर तिथल्या घरात रुळायचं कधी? आठवड्यातला एक वार ठरवा. न्यूयॉर्कच्या बाजूला सकाळचे ८ म्हणजे आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेपाच आणि हिवाळ्यात साडेसहा, कारण ते लोक घड्याळ एक तास मागंपुढं करतात. जर्मनी आपल्यापेक्षा उन्हाळ्यात साडेतीन आणि हिवाळ्यात साडेचार तास मागं. आणि होस्ट आईला परस्पर मेसेज टाकून "त्याला दूध देता का" असलं विचारायचं नाही.

पहिले दोन-तीन महिने घरची आठवण येतेच, दिवाळीला जास्त. त्या दिवशी खोलीत कोंडून बसण्यापेक्षा दारात रांगोळी काढ, पणती लाव, त्यांनाही बोलाव.

७. नियम आणि काही बिघडलं तर

रोटरीत चार गोष्टी ठाम बंद: गाडी चालवणं, दारू, ड्रग्ज, डेटिंग. जर्मनीत १६ व्या वर्षी बिअर कायद्यानं चालते हे खरं, पण प्रोग्रामचा नियम मोडला तर थेट परतीचं तिकीट. तिथला मित्र "चल, एक राउंड मार" म्हणून कारची चावी देईल, घ्यायची नाही, इन्शुरन्सचाही प्रश्न येतो.

घरात पटत नसेल तर आधी त्यांच्याशीच बोल, तेही वेळेवर, तीन महिने मनात साठवून नाही. पण कुणी हात लावला, घाबरवलं, उपाशी ठेवलं, पासपोर्ट काढून घेतला, तर बोलाबोली करत बसायचं नाही, त्याच दिवशी प्रोग्रामच्या तिथल्या कोऑर्डिनेटरला (तुझ्यावर लक्ष ठेवणाऱ्या माणसाला) किंवा रोटरीच्या काउन्सेलरला फोन. शाळेतल्या काउन्सेलरलाही सांगता येतं. फॅमिली बदलून मिळते, त्यात लाज काही नाही. तातडीचं असेल तर अमेरिकेत ९११, युरोपात ११२. हे सगळे नंबर मोबाइलमध्ये ठेवच, पण एका कागदावर लिहून पाकिटातही ठेव.

८. निघताना

रोटरीत वर्षात बहुतेक एकापेक्षा जास्त घरं होतात, तर एक घर सोडून दुसऱ्याकडे जातानाही हेच: पलंगाची चादर काढून मशीनला लाव, खोली झाडून दे, उधार-उसनवार मिटव, आणि नंतरही त्यांच्या वाढदिवसाला मेसेज कर.

त्यांना सोलापूरला बोलावणार असशील तर मे महिन्यात अजिबात नाही, ४४ डिग्रीत ती माणसं आजारी पडतील. जानेवारीत बोलाव, संक्रांतीला, सिद्धेश्वराच्या गड्ड्याला, नंदीध्वजांची मिरवणूक बघायला मिळेल, आणि तेव्हाच हुरडाही असतो. फक्त तिकिटं काढण्याआधी शेंगदाण्याचं परत एकदा विचारून घे, कारण इथं ते कशात नसतं हे सांगणं अवघड आहे.