ढवळलं म्हणून जास्त विरघळत नाही: विद्राव्यता घरी मोजताना

लवकर विरघळणं आणि जास्त विरघळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शाळांच्या विज्ञान प्रदर्शनातल्या तक्त्यांवर त्या बहुतेक वेळा एकाच रकान्यात कोंबलेल्या दिसतात. खडीसाखर कुटली, पाणी जोरात ढवळलं, तर काम लवकर उरकतं. किती मावणार ती मर्यादा, म्हणजेच विद्राव्यता, तसूभरही हलत नाही. ती ठरते पदार्थ आणि द्रावक (ज्यात तो विरघळतो तो द्रव) यांच्या जोडीवर, तापमानावर आणि वायू असेल तर दाबावर.

जोडीचं आधी बघू. मिठाच्या खड्यात सोडियम आणि क्लोराइडचे आयन, म्हणजे विद्युतप्रभार असलेले कण, एकमेकांना घट्ट धरून असतात. पाण्याच्या रेणूचं एक टोक किंचित धनप्रभारित, दुसरं किंचित ऋणप्रभारित. हे रेणू कडेच्या आयनांभोवती गराडा घालून त्यांना एकेक करत सुटं करतात. तेलाच्या रेणूला ते जमत नाही. उलट मिरचीचा लाल रंग तेलातच उतरतो. तांबड्या रश्शात मीठ खाली पाण्यात असतं आणि रंग वरच्या तवंगात, तो यामुळेच. शर्टावर कट सांडला की नुसत्या पाण्याने डाग निघत नाही, साबण लागतो.

आता मोजणी. एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा, 110 अंशांपर्यंतचा तापमापक आणि 500 मिलीचं काचेचं भांडं एवढं पुरे. पाणी नळाचं नको. बॅटरीत घालायचं पाणी गॅरेजवर मिळतं, ते घ्या. 100 ग्रॅम पाण्यात 30 ग्रॅम मीठ विरघळवा, मग एकेक ग्रॅम टाकत पाच-पाच मिनिटं ढवळा. 36 ग्रॅमच्या आसपास तळाला दाणे उरायला लागतील. हे संपृक्त द्रावण. आयोडीनयुक्त बारीक मीठ घेतलं तर पाणी आधीपासूनच गढूळ दिसतं. ते मोकळं राहावं म्हणून घातलेल्या पावडरीमुळे तसं होतं. न विरघळलेलं मीठ समजून तिथेच थांबू नका, तळाचे दाणे बघा.

साखरेचा आकडा ऐकून पुष्कळांचा विश्वास बसत नाही: 20 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात जवळपास 200 ग्रॅम. मात्र तेवढी साखर घातल्यावर द्रावण 225 मिलीच्या घरात जातं, म्हणून लहान भांडं ओसंडतं. म्हणूनच विद्राव्यता सांगताना ‘100 ग्रॅम पाण्यात’ असं म्हणतात, ‘100 मिली द्रावणात’ असं नाही. या दोहोंची गल्लत झाली की आकडा सरळ निम्म्यावर येतो.

दाणे उरले की नाही हे डोळ्यांनी ठरवणं तसं कच्चं काम. मिठासाठी पक्की रीत अशी: वरचं निवळ द्रावण 50 ग्रॅम, वजन केलेल्या वाटीत घ्या आणि मंद आचेवर आटवा. साधारण 13 ग्रॅम मीठ उरेल, म्हणजे 37 ग्रॅम पाणी उडालं. भागाकार केला की 35-36 येतं. दहाच ग्रॅम द्रावण घेतलं तर मीठ उरतं अडीच ग्रॅमच्या आसपास, तिथे काट्याची एका ग्रॅमची चूक सगळं उत्तर बुडवते. शेवटी मीठ तडतडून बाहेर उडतं, तेव्हा आच अगदी बारीक करा आणि वर झाकणी तिरपी ठेवा. साखरेला ही रीत चालत नाही, ती करपते.

हेच तापवून करा. मीठ 80 अंशांनाही 38 ग्रॅमवरच अडतं. साखर मात्र 360 पर्यंत जाते. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरांवर असल्याने साधं पाणी इथे 98 अंशांनाच उकळतं. तापमापक बिघडला म्हणून दुकानदाराशी वाद घालायला जाऊ नका.

गरम केलं की जास्त विरघळतं, हाही सरसकट नियम नाही. चुन्याची स्वच्छ निवळी तापवून बघा: काहीही न घालता ती गढूळ होते, कारण चुना गरम पाण्यात कमी मावतो. लिटरला 20 अंशांना सुमारे 1.7 ग्रॅम, उकळत्या पाण्यात त्याच्या निम्म्याहूनही कमी. वायूंचंही तसंच. सोड्याची तापलेली बाटली उघडताच फसफसून अंगावर येते: उष्णतेने वायूची मर्यादा आधीच खाली आलेली आणि बूच निघताच दाबही गेला. एप्रिल-मेमध्ये कोल्हापुरातल्या रंकाळा तलावाच्या कोमट पाण्यात हिवाळ्यापेक्षा ऑक्सिजन कमी मावतो, तोही याच कारणाने.

आणखी एक खोडी लक्षात ठेवा. युरिया पाण्यात टाकला की बादली गार पडते, फवारणी करणाऱ्या प्रत्येकाला हे ठाऊक आहे. विरघळताना तो पाण्यातलीच उष्णता घेतो. पाणी गार झालं की मर्यादाही उतरते, म्हणून द्रावण पुन्हा खोलीच्या तापमानाला येईपर्यंत आकडा लिहू नका.

स्फटिक करायचा तर तुरटीसारखा पदार्थ नाही. लक्ष्मीपुरीतल्या किराणा दुकानात दाढीसाठी मिळते ती काचेसारखी पारदर्शक तुरटी मागा. पाणी निवळायला वापरतात त्या मळकट लाद्या बहुधा ॲल्युमिनियम सल्फेटच्या असतात, त्यांचे पैलू धरत नाहीत. 250 मिली पाण्यात 60 अंशांना 60 ग्रॅम विरघळवून फडक्यातून गाळा आणि रात्रभर न हलवता ठेवा. तळाशी आलेल्या कण्यांतली स्वच्छ कडांची एक निवडून नायलॉनच्या धाग्याला बांधा. सुती धाग्याच्या तंतूंवर भलतेच कण धरतात. वरचं पाणी वेगळं काढा, त्यात आणखी 8 ग्रॅम तुरटी तापवून विरघळवा, पूर्ण गार होऊ द्या आणि मगच कणी सोडा. घाई केली तर कणीच विरघळून नुसता धागा हातात येतो. भांड्यावर पातळ फडकं बांधा. पावसाळ्यात बाष्पीभवन मंद, वाढही मंद; उन्हाळ्यात दुपारी कडा झिजतात आणि रात्री पुन्हा चढतात, त्यामुळे स्फटिक दुधी होतो. भिंतीतलं कपाट त्यातल्या त्यात बरं.

ढवळण्याला खरी किंमत येते ती द्रावण अतिसंपृक्त झाल्यावर, म्हणजे मर्यादेपेक्षा जास्त पदार्थ त्यात राहिल्यावर, आणि ते बघायला करवीर-पन्हाळ्याकडचं कुठलंही चालू गुऱ्हाळ गाठा. काहिलीतला (मोठ्या कढईतला) पाक 115 ते 118 अंशांना उतरवून वाफ्यात, म्हणजे निववायच्या उथळ जागेत, ओततात आणि निवताना घोटतात. मावेनाशी झालेली साखर या घोटण्याने एकाच वेळी असंख्य ठिकाणी दाणे धरते, म्हणून गूळ बारीक रवाळ होतो. ऊस तोडून दोन-तीन दिवस पडून राहिला असेल तर साखरेचा काही भाग फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज झालेला असतो. ते दाणा धरू देत नाहीत आणि हवेतली ओल ओढून घेतात. असा पाक कितीही घोटला तरी ढेप चिकटच राहते आणि पावसाळ्यात पाघळते.